अर्ध्यातून उठलेलं मूल काय घेऊन उठतं?

फौजेच्या छावणीत खून होतो. तपास करणारा अधिकारीही फौजेतलाच. वरपासून खालपर्यंत सगळ्यांना काही ना काही माहीत असतं आणि कुणीच बोलत नाही. या धर्तीचे चित्रपट आणि मालिका ओटीटीवर ढिगाने आहेत. शनिवारी रात्री जेवणं आटोपली की ‘हा सगळ्यांनी मिळून बघण्यासारखा आहे का?’ हा प्रश्न घरोघरी निघतो. उत्तर देताना आपण सहसा तीनच गोष्टी विचारतो: रक्त किती, शिव्या किती आणि ‘तसले’ सीन किती. माझं म्हणणं असं आहे की हे तिन्ही हिशेब चोख मांडले तरी उत्तर हाती लागत नाही. आपण घरी सिनेमा ज्या पद्धतीने पाहतो, ती पद्धत या हिशेबात धरलेलीच नसते.

एक ठरावीक चित्रपट समोर ठेवून बोलते. ‘द जनरल्स डॉटर’ हा १९९९ सालचा अमेरिकी चित्रपट. दिग्दर्शक सायमन वेस्ट, मुख्य भूमिकेत जॉन ट्रॅव्होल्टा, आणि आधार नेल्सन डमिल यांच्या १९९२ च्या कादंबरीचा. खुनी कोण हे मी सांगणार नाही. पण खुनामागची गोष्ट सांगितल्याशिवाय मला माझा मुद्दा मांडता येणार नाही. ज्यांना चित्रपट कोरा पाहायचा आहे, त्यांनी पुढचं नंतर वाचावं.

जॉर्जिया राज्यातली एक काल्पनिक छावणी. तिथल्या जनरल कॅम्पबेलची मुलगी एलिझाबेथ ही स्वतः कॅप्टन आहे, मानसशास्त्रीय युद्धाच्या विभागातली हुशार अधिकारी. एका पहाटे ती सरावाच्या मैदानावर मृत सापडते. हातपाय तंबूच्या खुंट्यांना ताणून बांधलेले, अंगावर कपडे नाहीत. तपास येतो लष्कराच्या गुन्हे अन्वेषण विभागातल्या पॉल ब्रेनरकडे. त्याच्या जोडीला सारा सनहिल ही बलात्काराच्या गुन्ह्यांचा तपास करणारी अधिकारी. पुढे जे घडतं त्यात गोळीबार, मारामारी फारशी नाही. रक्तही बेताचंच. ज्याला आपण ‘मारधाड’ म्हणतो तिच्या मापाने मोजलं तर आपल्याकडचे दिवाळीत लागणारे कितीतरी चित्रपट याहून हिंसक निघतील.

तरीही चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना शेजारी बसवून हा पाहू नये, असं माझं ठाम मत आहे.

अमेरिकेत या चित्रपटाला ‘आर’ श्रेणी मिळाली. म्हणजे सतराच्या आतल्या मुलाबरोबर चित्रपटगृहात पालक किंवा कुणी मोठं माणूस हवं. आता गंमत पाहा. ‘अ फ्यू गुड मेन’ हा १९९२ चा चित्रपटही लष्करातल्या एका मृत्यूचाच आहे, खटल्याच्या अंगाने सांगितलेला, आणि त्याची श्रेणीही ‘आर’च. पण त्याला ती मिळाली केवळ भाषेमुळे. ‘द जनरल्स डॉटर’ला मिळाली ती लैंगिक हिंसेच्या दृश्यांमुळे, बलात्काराच्या प्रसंगामुळे, नग्नतेमुळे. दोन्हींच्या पोस्टरवर अक्षर तेच. केवळ त्या अक्षरावर विसंबणारा पालक एकतर दोन्ही चित्रपट नाकारेल किंवा दोन्ही चालवून घेईल, आणि दोन्ही वेळा चुकेल.

आपल्याकडची व्यवस्था आता जरा बारकाईची झाली आहे, हे मान्य केलं पाहिजे. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात सुरुवातीला ‘यू’ आणि ‘ए’ एवढेच दोन कप्पे होते. ऐंशीच्या दशकात ‘यूए’ आलं, म्हणजे बाराच्या आतली मुलं पालकांच्या देखरेखीखाली. २०२३ च्या दुरुस्तीने त्या ‘यूए’चे तीन तुकडे केले: सात, तेरा आणि सोळा वर्षांवरचे. त्याच दुरुस्तीत एक महत्त्वाची गोष्ट स्पष्ट लिहिली आहे. हे वयाचे आकडे पालकांच्या मार्गदर्शनासाठी आहेत, आणि पालकांखेरीज दुसऱ्या कुणी ते लागू करायचे नाहीत. चित्रपटगृहाचा दारावरचा माणूस तेरा आणि सोळाच्या आकड्यावरून मुलाला अडवणार नाही. ते काम सरकारने आपल्यावर सोपवलं आहे.

ओटीटीचं आणखी वेगळं. तिथे २०२१ च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार कंपनीच स्वतःच्या मालाला श्रेणी लावते. शिवाय हिंसा, भाषा, नग्नता, अमली पदार्थ, भीती असं काय काय आहे ते एका ओळीत सांगायचं, आणि तेरा वर्षांवरच्या श्रेणीपासून पालकांना कुलूप लावण्याची सोय द्यायची. चित्रपट सुरू होताना कोपऱ्यात दोन-चार सेकंद दिसणारी ती ओळ निदान वाचावी, एवढं मी आग्रहाने सांगेन. बहुतेक घरांत तोवर कुणीतरी आवाज वाढवत असतं आणि कुणीतरी पाण्याची बाटली भरायला गेलेलं असतं. पण ती ओळ वाचली तरी तिची मर्यादा लक्षात ठेवावी. ‘लैंगिक हिंसा’ एवढे दोन शब्द कळतात. ती हिंसा कुणाच्या नजरेतून दाखवली आहे, ज्या बाईवर अत्याचार झाला तिच्याबद्दल चित्रपट काय सुचवतो आणि खरं केव्हा सांगतो, यातलं काहीही त्या ओळीत मावत नाही.

आणि माझ्या मते घरी पाहण्याच्या दृष्टीने सगळ्यात मोठा प्रश्न त्या ‘केव्हा’चा आहे.

चित्रपटगृहात आपण अंधारात बसतो आणि शेवटपर्यंत बसतो. घरी तसं होत नाही. आजी साडेनऊला झोपायला जाते. धाकट्याला मध्येच भूक लागते. आईचा अर्धा चित्रपट स्वयंपाकघरातून ऐकण्यात जातो. बाबांना फोन येतो. दहावीतली मुलगी तासाभराने ‘मला अभ्यास आहे’ म्हणून उठते आणि उरलेलं कधीच पाहत नाही. घरातला सिनेमा तुकड्या-तुकड्यांनी पाहिला जातो, आणि प्रत्येकाच्या वाट्याला वेगळा तुकडा येतो. म्हणून कुठलाही गडद चित्रपट घरात लावण्याआधी मी स्वतःला एवढंच विचारते: यातून अर्ध्यावर उठलेलं मूल काय घेऊन उठेल?

‘द जनरल्स डॉटर’ला हा प्रश्न लावून पाहू. चित्रपटाचा पहिला मोठा भाग काय करतो? एलिझाबेथचं प्रेत कॅमेरा एकदा दाखवून थांबत नाही, पुन्हा पुन्हा त्या मैदानावर नेतो. फोटो काढले जातात, अधिकारी भोवती उभे राहून बोलतात, आणि आपणही त्यांच्या खांद्यावरून पाहत राहतो. मग तिच्या घराची झडती होते. एक लपवलेली खोली सापडते: बिछाना, कॅमेरा, व्हिडिओ टेप. हळूहळू कळतं की तिचे छावणीतल्या अनेक अधिकाऱ्यांशी संबंध होते. प्रत्येक नवा धागा तिच्या शरीराकडे आणि तिच्या बिछान्याकडे जातो. रहस्यकथेचं यंत्र इथे जोरात चालतं आणि त्या यंत्राचं इंधन आहे मेलेल्या बाईची ‘भानगड’. प्रेक्षकाची उत्सुकता त्यावरच पोसलेली असते.

उत्तरार्धात सगळं उलटतं. कळतं की काही वर्षांपूर्वी ती वेस्ट पॉइंटच्या लष्करी अकादमीत कॅडेट होती. रात्रीच्या एका सरावात तिच्याच बरोबरीच्या मुलांनी तिच्यावर सामूहिक बलात्कार केला. तिला अशाच खुंट्यांना बांधलं होतं. आणि तिचा बाप, ज्याच्यावर तिची सगळी श्रद्धा होती, तो इस्पितळात येऊन तिला सांगतो: हे विसरून जा, असं काही झालंच नाही असं समज. कारण गोष्ट बाहेर गेली तर अकादमीचं नाव जाईल, मुलींना प्रवेश देण्याचा सगळा प्रयत्नच बदनाम होईल. पुढची सगळी वर्षं ती ज्या पद्धतीने जगली, ते त्या बापाला लावलेले टोले होते. मैदानावरचा तो खुंट्यांचा देखावाही बापाला ‘बघ’ म्हणून सांगण्याच्या तिच्या धडपडीतून आलेला असतो.

हा उलटफेर जोरकस आहे. पूर्ण चित्रपट पाहणाऱ्या मोठ्या माणसाला तो हलवून सोडतो, आणि आपणही आधी तासभर त्या बाईकडे कसे पाहत होतो याची जाणीव करून देतो. पण तासाभराने अभ्यासाला उठलेली मुलगी? तिच्याकडे उरतं ते एवढंच: एक बाई होती, तिचं वागणं ‘तसलं’ होतं, म्हणून तिचं असं झालं. बलात्कार झालेल्या बाईबद्दल समाज जे सगळ्यात वाईट आणि सगळ्यात जुनं वाक्य बोलतो, नेमकं तेच. चित्रपटाला हे वाक्य खोडायचं आहे यात शंका नाही. पण खोडण्याआधी तो ते फार वेळ, फार रंगवून बोलतो. आणि आठ-नऊ वर्षांचं मूल शेजारी पेंगत असेल, तर त्याला ना पूर्वार्ध कळेल ना उत्तरार्ध. त्याच्या डोळ्यांत फक्त त्या खुंट्या राहतील. लहान मुलं गोष्ट विसरतात, चित्र धरून ठेवतात.

इथे कुणी म्हणेल, मग तो भाग पुढे ढकलून बघू. रिमोट कशाला आहे? मला ही सवय चित्रपटाहून घातक वाटते. आपण काय ढकलतो ते नीट पाहा. चुंबन आलं की ढकलतो, गळा आवळला तर पाहतो. मुलं यातून फार स्पष्ट शिकतात की प्रेमाची लाज वाटायला हवी आणि मारण्याची वाटायची गरज नाही. आणि या चित्रपटात तर ढकलण्यासारखा जो भाग वाटेल, वेस्ट पॉइंटच्या त्या रात्रीचा, तो ढकलला तर सगळ्या गोष्टीचा अर्थच जातो. उरतं ते निव्वळ कुतूहल चाळवणारं. टीव्हीवर दाखवण्यासाठी कापलेल्या प्रतींचीही हीच अडचण असते. प्रौढांसाठीचा चित्रपट आपल्याकडे टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, तो कापून पुन्हा प्रमाणित करून घ्यावा लागतो. कापणाऱ्याचं लक्ष शरीरावर असतं. अर्थाचं काय होतं ते तो पाहत नाही.

आता तोच प्रश्न ‘अ फ्यू गुड मेन’ला विचारू. क्युबातल्या ग्वांतानामो बेच्या अमेरिकी तळावर सँटियागो नावाचा एक तरुण सैनिक मरतो. शरीराने कमजोर, सरावात मागे पडणारा, बदलीसाठी सारखी पत्रं लिहिणारा पोरगा. त्याच्याच तुकडीतले दोघे त्याला रात्री बांधून ‘अद्दल घडवायला’ जातात आणि तो मरतो. हे सुरुवातीलाच कळतं. पुढचा सगळा चित्रपट एकाच प्रश्नावर उभा आहे: त्या दोघांना हे करायला वरून हुकूम होता का, आणि होता तर दोषी कोण? अर्ध्यावर उठलेलं मूल इथे काय घेऊन उठेल? एका दुबळ्या मुलाला बरोबरीच्यांनी मारलं, ते चूक होतं, आणि त्यामागे आणखी कुणी मोठं असू शकतं. यात त्याचं काही बिघडत नाही. उलट वर्गातल्या एखाद्या दबलेल्या मुलाची आठवण झाली तर बरंच.

शेवटपर्यंत बसलेल्याच्या पदरात जास्त पडतं. त्या दोन सैनिकांवरचा खुनाचा आरोप सिद्ध होत नाही, तरी त्यांना फौजेतून काढून टाकलं जातं. धाकट्याला कळतच नाही की आपण काय चुकलो, आपण तर हुकूम पाळला. थोरला त्याला समजावतो की जे स्वतःसाठी लढू शकत नाहीत त्यांच्यासाठी लढणं हे आपलं काम होतं, सँटियागोसाठी लढायचं होतं. ‘मोठ्यांचं ऐकावं’ यावर वाढलेल्या आपल्या मुलांबरोबर बोलायला याहून चांगली जागा मला दुसरी माहीत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाबरोबर मी हा चित्रपट बेलाशक लावेन. दोन गोष्टी मात्र आधी माहीत असाव्यात. एक, यात गणवेश घालून आत्महत्या करणाऱ्या एका अधिकाऱ्याचा प्रसंग आहे. त्यावर बोलल्याशिवाय पुढे जाऊ नये, आणि घरात तसं काही घडून गेलं असेल तर हा चित्रपट लावूच नये. दोन, त्या तळाचा प्रमुख कर्नल जेसप बाई-अधिकाऱ्यांबद्दल अत्यंत घाणेरडं बोलतो. मुलगी शेजारी असेल तर ते ऐकू आलंच नाही असं सोंग करू नका. ‘हा असं का बोलतो?’ असं तिथेच विचारा.

तुकड्यांचा विषय निघाला आहे तर मोबाइलवरच्या कापलेल्या चिंध्यांबद्दलही बोलायला हवं, कारण मुलं आजकाल सगळ्यात जास्त तेच पाहतात. जेसपचं कोर्टातलं गाजलेलं भाषण, आम्ही सीमेवर उभे आहोत म्हणून तुम्ही सुखाने झोपता या आशयाचं, इंटरनेटवर सुटं फिरतं. सुटं ऐकलं तर ते एका शूर अधिकाऱ्याचं वाटतं. चित्रपटात ते एका गुन्हेगाराचं बचावाचं भाषण आहे, आणि ते संपल्यावर काही क्षणांत तो हुकूम आपणच दिल्याची कबुली देतो. ‘शौर्य’ हा २००८ चा हिंदी चित्रपट काश्मीरमधल्या कोर्ट मार्शलचा. त्यात के. के. मेनन यांनी साकारलेल्या ब्रिगेडियरचं असंच द्वेषाने भरलेलं भाषण आहे. अभिनय इतका धारदार की तेवढा तुकडा कापून पाहणारे पुष्कळ आहेत. चित्रपटाची सगळी रचना त्या द्वेषाला उघडं पाडण्यासाठी आहे. तुकडा पाहणाऱ्या पंधरा वर्षांच्या मुलाच्या हातात मात्र फक्त द्वेष आणि त्याचा रुबाब येतो. अशा वेळी मुलाबरोबर अख्खा चित्रपट बसून पाहणं हाच मला उतारा वाटतो. बंदी घातली तर तुकडा राहतोच, आजूबाजूचं सगळं तेवढं जातं. म्हणजे माझी कसोटी नेहमी ‘नको’च म्हणते असं नाही. कधी कधी ती ‘लावाच, पण पूर्ण लावा’ असंही सांगते.

फौजेतल्या घरांचा आक्षेप निराळा असतो, आणि तो मला मनापासून समजतो. सातारा जिल्ह्यात अपशिंग्यासारखं गाव आहे, जिथे पिढ्यान् पिढ्या घरटी माणूस फौजेत. कोल्हापूर, सांगली, नगर, कितीतरी ठिकाणी वडील सीमेवर आणि घरी आई-मुलं असं चित्र आहे. माझ्या ओळखीचे एक निवृत्त सुभेदार अशा चित्रपटांवर चिडतात. त्यांचं म्हणणं, ‘पोरांना वाटेल फौज अशीच असते. त्यांचा बाप तिथे आहे, त्यांनी काय समजायचं?’ प्रश्न रास्त आहे. ज्या मुलाचा बाप आज या घडीला ड्यूटीवर आहे, त्याच्या पोटात छावणीतल्या खुनाचा चित्रपट वेगळाच खड्डा पाडतो. अशा घरात दहा-बारा वर्षांच्या मुलाला मी यातलं काहीच दाखवणार नाही, श्रेणी कोणतीही असो. शहरातल्या समीक्षकाला हे कधी सुचत नाही, कारण त्याच्या हिशेबात सगळी कुटुंबं सारखी असतात.

पण आक्षेपाचा दुसरा अर्थ असेल, की फौजेतला गुन्हा पडद्यावर येऊच नये, तर मी त्याच्याशी सहमत नाही. या दोन्ही अमेरिकी चित्रपटांत एक गोष्ट समान आहे. गुन्हा उकरून काढणारी माणसंही गणवेशातलीच आहेत. ब्रेनर लष्कराचाच, ‘अ फ्यू गुड मेन’मधले वकील नौदलाचेच. संस्थेत गुन्हा घडतो आणि त्याच संस्थेतलं कुणीतरी गप्प बसायला नकार देतं, हे मोठ्या मुलांनी पाहायला हवं. आणि ही गोष्ट काही कल्पनेतली नाही. १९९९ मध्ये अनेकांना ‘द जनरल्स डॉटर’ भडक वाटला असेल. पण २०२० च्या एप्रिलमध्ये टेक्ससमधल्या फोर्ट हूड तळावरून व्हेनेसा गियेन ही वीस वर्षांची सैनिक बेपत्ता झाली. जूनअखेर तिचे अवशेष सापडले. तळावरच्याच एका सैनिकाने तिचा खून केला होता. आपला लैंगिक छळ होतोय असं तिने घरच्यांना सांगितलं होतं. लष्कराच्याच चौकशीत पुढे निष्पन्न झालं की तिचा छळ झाला होता आणि वरिष्ठांनी त्याची दखल घेतली नाही. तिच्या आई-बहिणींनी उभ्या केलेल्या लढ्यामुळे २०२१ च्या अखेरीस अमेरिकी कायदा बदलला. बलात्कारासारख्या गुन्ह्यांत खटला भरायचा की नाही हा निर्णय तुकडीच्या कमांडरच्या हातून काढून स्वतंत्र लष्करी वकिलांकडे देण्याचं ठरलं, आणि २०२३ च्या अखेरीपासून ती यंत्रणा प्रत्यक्ष सुरू झाली. जनरल कॅम्पबेल ज्या अधिकाराच्या बळावर मुलीचं तोंड बंद करू शकला, त्याच जातीच्या अधिकाराला कायद्याने तिथे हात घातला.

आपल्या घरातलं मूल इथे हमखास विचारेल, ‘आपल्याकडे काय होतं?’ त्याला उत्तर देता यायला हवं. आपला लष्करी कायदा १९५० चा आहे. त्यानुसार जवानाने एखाद्या नागरिकाचा खून किंवा बलात्कार केला, तर नेहमीच्या परिस्थितीत तो खटला कोर्ट मार्शलपुढे न जाता साध्या फौजदारी न्यायालयात चालतो. तो जवान प्रत्यक्ष लढाईच्या सेवेत, देशाबाहेर किंवा सरकारने जाहीर केलेल्या सीमा-चौकीवर असेल तर गोष्ट वेगळी. एवढं सांगता आलं तरी मुलाला कळतं की गणवेश कायद्याच्या वर नाही. घरातला जवान बाप सुट्टीवर आला की हे बोलणं त्याच्याबरोबर झालं तर फार चांगलं. सुभेदारांनाही मी हेच म्हटलं. ते पटलं असं ते म्हणाले नाहीत. ‘मग बापाने शेजारी बसून दाखवावा, एकट्या मुलाने नको,’ एवढं म्हणाले, आणि त्यांची ही अट मला मान्य आहे.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. वेस्ट पॉइंटने मुलींना प्रवेश दिला तो १९७६ मध्ये. आपल्या खडकवासल्याच्या एनडीएत पहिल्या मुली आल्या २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये दार उघडायला लावल्यानंतर. मे २०२५ मध्ये सतरा मुलींची पहिली तुकडी तिथून बाहेर पडली. आज महाराष्ट्रात पहाटे उठून धावणाऱ्या, एनडीएच्या परीक्षेची तयारी करणाऱ्या कितीतरी मुली आहेत. त्यांच्यापैकी एखादीला तिच्या सतराव्या वर्षी ‘द जनरल्स डॉटर’ दाखवावा का? घाबरून तिने तयारी सोडली तर, अशी धास्ती आई-बापांना वाटते. मला उलट वाटतं. वेस्ट पॉइंटच्या गोष्टीतली चूक मुलगी अकादमीत गेली ही नव्हती. तिथे जे घडलं ते तिच्या माणसांनी दाबलं, ही होती. त्या वयाच्या मुलीने हा चित्रपट पाहावा, मात्र एका बैठकीत, अख्खा, आणि आई किंवा वडील शेजारी असताना. धाकटी भावंडं त्या खोलीत नकोत. आणि शेवटची अक्षरं पडद्यावर आल्यावर लगेच दिवे लावून झोपायला जाऊ नये. तिला एक गोष्ट तोंडाने सांगायला हवी, गृहीत धरून चालणार नाही: तुझ्यावर असं काही आलं तर तू आधी आम्हाला सांगायचंस, आणि आम्ही तुला गप्प बसवणार नाही.

हे वाक्य म्हणणं सोपं नाही, कारण त्या जनरलची चूक आपल्याला परकी नाही. त्याला मुलीवर प्रेम नव्हतं असं चित्रपट कुठेच म्हणत नाही. प्रेम होतं, आणि तरी त्याने आपल्या संस्थेची अब्रू मुलीपेक्षा वर ठेवली. शेवटी त्याच्यावर कोर्ट मार्शल होतं ते गुन्हा दडवल्याबद्दल. आपल्याकडे संस्थेच्या जागी घराणं येतं, गाव येतं, भावकी येते, ठरलेलं लग्न येतं. ‘झालं ते झालं, आता बाहेर बोलू नको’ हे वाक्य किती आया-बहिणींनी ऐकलं असेल याची मोजदाद कुठेच नाही. रात्री टीव्हीसमोर बसलेल्या कुटुंबात असं वाक्य ऐकलेली एखादी काकू, एखादी आत्या असू शकते आणि आपल्याला ते ठाऊकही नसतं. सगळ्यांनी मिळून पाहायचा चित्रपट निवडताना लहान मुलांचा विचार आपण करतो. तिचा कुणी करत नाही. चित्रपट काय आहे हे आधी सांगून, ज्याला बसायचं नाही त्याला कारण न विचारता उठू देणं, एवढं तरी घरात जमायला हवं.

म्हणून माझी शिफारस जरा आडवळणाची आहे. ‘द जनरल्स डॉटर’ कुटुंबाने एकत्र पाहू नये, पण कुटुंबातल्या बापांनी तो जरूर पाहावा. मुलं झोपल्यावर, किंवा मुलगी वयात येण्याआधी कधीतरी. चित्रपट निर्दोष नाही. प्रेताकडे रोखून पाहण्याची त्याची हौस मला आजही खटकते आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. तरीही इस्पितळात पलंगाशेजारी बसून लेकीला ‘विसरून जा’ म्हणणाऱ्या त्या बापाचा प्रसंग प्रत्येक बापाने एकदा पाहावा, आणि त्या खुर्चीत आपण असतो तर काय बोललो असतो याचं उत्तर मुलीच्या आईला द्यावं.